पान्याची जागा

पिकावर अळी पडली त्याच आठवड्यात इंजिनवाल्याचा उजवा हात फिरत्या पट्ट्यात सापडला. हात म्हणजे तीन बोटं. पण ज्याचं घर त्या बोटांवर चालतं त्याचा हातच गेला म्हणायचं. बोटं तुटली नाहीत, ठेचली. दवाखान्यातून तो परत आला तेव्हा मनगटाच्या पुढे एक पांढरं गाठोडं झालं होतं. ते छातीशी धरून तो पायरीवर असा बसला, जणू कुणीतरी आपलं तान्हं पोर सांभाळायला देऊन गेलंय.

"हलवायचा नाही म्हणालेत," बायको म्हणाली.

"हलतोय कुठे," तो म्हणाला.

शेतावरची पाण्याची इंजिनं मात्र कुणासाठी थांबणारी नव्हती. सगळी जुनी, हँडल मारून चालू करायची, आणि एकेकाची खोड वेगळी. ओढ्याकाठचं इंजिन पहिल्या झटक्यात उलटं फिरून हातच पिरगळायचं. टेकडीखालचं चालू व्हायचं, पण जरा पाठ फिरवली की रुसून बंद. या खोडी ठाऊक असलेला माणूस पायरीवर बसला होता आणि दुसऱ्या ज्या माणसाला त्या थोड्याफार ठाऊक होत्या, ती होती त्याची मुलगी.

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. शाळेच्या हजेरीत तिला दुसरं नाव होतं, पण ते बिचारं हजेरीतच राहायचं. भिंगरी एका जागी दोन घटका उभी राहिली तर लोक विचारायचे, ताप आलाय का गं? लहान होती तेव्हापासून बापाच्या मागे मागे हिंडून, जिथे त्याचा हात जात नाही तिथे स्वतःचा बारीक हात घालून, ती नट सोडवायला शिकली होती. तोंडाने बडबड चालू आणि हात आपलं काम करतोय, अशी तिची पद्धत. हात काय करतोय हे तोंडाला विचारायची गरज पडत नसे.

"सकाळची इंजिनं ही चालू करेल," इंजिनवाला म्हणाला.

"आणि तिची शेड?" आईने विचारलं.

शेड म्हणजे विमानाची शेड. वस्तीच्या पलीकडे तारेचं कुंपण, कुंपणाआड धावपट्टी आणि पट्टीच्या टोकाला पत्र्याची मोठी शेड. तिच्यात पिवळं विमान राहायचं. ते पिकावर औषध फवारायचं. वस्तीतल्या पोरांनी आजवर ते तारेला नाक लावूनच पाहिलं होतं. यंदा सुट्टीत पहिल्यांदाच फाटक उघडलं. ज्यांना हातांनी शिकायचंय त्यांनी सकाळी यावं, वस्तीतल्यांनी तर नक्की यावं, असा निरोप शाळेत आला. शेडचे मुख्य मिस्त्री सगळ्यांचे वस्ताद. सुट्टी संपताना ज्याचा हात बसला असं ते म्हणतील, त्याला शेडमध्येच शिकाऊ उमेदवार म्हणून ठेवणार आणि पुढे विमानाच्या मिस्त्रीकामाच्या शाळेत धाडणार. अशी जागा एकच होती. भिंगरीला ती हवी होती. किती हवी होती हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे फक्त आईला, दोन मैत्रिणींना, पिठाच्या गिरणीवाल्याला आणि टेकडीखालच्या इंजिनाला सांगितलं होतं.

"शेड काही पळत नाही," बाप म्हणाला. "पीक जातंय लोकांचं."

"मी दोन्ही करते," भिंगरी म्हणाली. "उजाडायच्या आत इंजिनं. मग शेड."

"झोपणार कधी?"

"शाळा सुरू झाल्यावर. वर्गात."

आई हसली. बापाला हसायचं नव्हतं, पण मिशी हलली.

तसं चालू झालं. अंधुक उजेडात बाप पुढे, गाठोडं छातीशी. मागे भिंगरी, खांद्यावर हँडल. तो बांधावर उभा राहून सांगायचा, ती करायची. "अंगठा दांड्याच्या खाली नको, वर ठेव. उलटं मारलं तर मोडेल." ती हँडल फिरवायची, चेहरा लाल व्हायचा, इंजिन खोकायचं, धूर टाकायचं, आणि मग एकदम धडधडायला लागायचं. पाणी पाटात यायचं. पाटाच्या दोन्ही बाजूंना पानांची चाळण झालेली. अळ्या हिरव्या, मऊ; चालताना पायाखाली यायच्या आणि चपला निसरड्या व्हायच्या.

बापाचा एक नियम होता. प्रत्येक इंजिनाचा पाना त्या इंजिनापाशीच. तेलकट फडक्यात गुंडाळून बैठकीखालच्या फटीत गच्च खोचायचा. "पान्याची जागा इंजिनापाशी," तो म्हणायचा. "घरी नेलेला पाना अडल्या वेळी घरीच असतो." काम झालं की भिंगरी पाना पुसायची, गुंडाळायची, खोचायची. तोपर्यंत तोंडाने दुसरंच काही चालू असायचं.

फक्त एक पाना बापाच्या खिशात असे. लहान, कानशीने घासून पातळ केलेला, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी. अडचणीतल्या नटासाठी. हात जायबंदी झाल्यावर तो भिंगरीच्या खिशात आला.

शेडमध्ये सगळंच उलटं होतं. तिथे जमिनीवर तेलाचा थेंब दिसला तर वस्ताद थेंबाकडे बोट दाखवून गप्प उभे राहायचे, कुणी पुसेपर्यंत. भिंतीवर मोठा फळा, त्यावर हत्यारं टांगलेली आणि प्रत्येक हत्यारामागे त्याच्या आकाराची काळी सावली रंगवलेली.

"हत्यार काढलं की सावली उघडी पडते," वस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "एक जरी सावली उघडी असली तरी विमान उडणार नाही. आत कुणाचाही बाप बसलेला असो."

"आणि कुणाची आई बसली असेल तर?" भिंगरीने विचारलं. पोरं हसली. विमान चालवणारी वैमानिक बाई चहा पीत होती, तिला ठसका लागला.

"तरी नाही," वस्ताद म्हणाले. ते हसले नाहीत. पण त्या दिवसापासून अडचणीतलं काम निघालं की ते हाक मारायचे, "बारीक हातवाली कुठाय?"

पोरं पत्रे जोडायचे रिबीट ठोकायला शिकली, तार आवळायला शिकली, पंखाच्या पत्र्यावर टिचकी मारून आवाजावरून ढिला जोड ओळखायला शिकली. दुकानदाराचा मुलगा अभ्यासात पहिला, पण त्याच्या हातोड्याखाली रिबीट नेहमी मान वाकडी करून झोपायचा. "याला उशी द्या," भिंगरी म्हणायची. तो चिडायचा आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच शेजारी जागा धरायचा.

दुपारी निघताना फाटकाशी चौकीदारकाका उभे असायचे.

"चला, खिसे उलटे करा."

हे वस्तीतल्या पोरांना. दुकानदाराच्या मुलाला ते नुसता हात करायचे, "नमस्कार सांग घरी." वस्तीची पोरं ओळीने खिसे बाहेर काढून उभी राहायची. पहिल्याच दिवशी भिंगरीच्या खिशातून बापाचा पाना निघाला होता आणि चौकीदारकाकांचा चेहरा असा उजळला, जसा काही त्यांना पाना नव्हे, वाघ सापडला.

"हा बघा! पहिल्याच दिवशी!"

वस्तादांना बोलावलं. त्यांनी पाना हातात घेतला, ट्यूबची पट्टी पाहिली आणि म्हणाले, "आपला नाही. आपल्याकडे असलं काही नसतं." पाना परत मिळाला. त्या 'असलं काही'ने भिंगरीच्या कानशिलापाशी बराच वेळ गरम वाटत राहिलं. त्यानंतर ती पाना चपलेच्या पट्ट्याखाली, वेणीत, कुठेही दडवून न्यायची. आत येताना लपवावा लागत नव्हता. आत येताना कुणी विचारतच नव्हतं.

अळी वाढली. शेतकरी रोज कुंपणापाशी येऊन उभे राहायला लागले. विमानाचं ठरलेलं दुरुस्तीचं काम उरकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा सुटायच्या आत, फवारणी होणार होती. ऊन वर आलं की वारा सुटतो, औषध भलतीकडे जातं. म्हणून सकाळचीच वेळ.

शेवटचं काम शेपटीत निघालं. शेपटीच्या पोटाशी हातभर झाकण होतं. ते काढलं की आत तारा आणि कप्प्या दिसत. वैमानिक बाई पुढे दांडा ओढायची आणि त्या तारांवर मागची फळी वर-खाली व्हायची. एका कप्पीचा नट आवळायचा होता.

"बारीक हातवाली कुठाय?"

भिंगरी गुडघ्यावर बसली. हात कोपरापर्यंत आत. फळ्यावरचा पाना नटावर बसेना, जाड होता. तिने तो बाहेर काढला, पुसला, सावलीवर टांगला आणि खिशातला पातळ पाना काढला. तो बसला, जणू त्या नटासाठीच घासलेला. वस्ताद दुसऱ्या बाजूला टाकी तपासत होते. ते आले, आत हात घालून नट चाचपला, तार दाबून पाहिली.

"हात बसलाय तुझा," ते म्हणाले.

एवढंच. तेवढ्यात वैमानिक बाईने पुढून हाक मारली. "पूस आणि झाकण लाव," म्हणून ते गेले.

भिंगरीच्या डोक्यात ते तीन शब्द भिरभिरायला लागले. ती दुकानदाराच्या मुलाला सांगत होती, ऐकलंस का, काय म्हणाले ऐकलंस का. तो म्हणत होता, मला काय बहिरा समजतेस. आणि हात आपलं काम करत होता. हाताने तारेवरचं तेल पुसलं. कमरेचं फडकं काढलं. पाना पुसला, फडक्यात गुंडाळला, कप्पीमागच्या फटीत गच्च खोचला. झाकण लावलं, स्क्रू आवळले, स्क्रू ड्रायव्हर फळ्यावर टांगला.

फळ्यावर एकही सावली उघडी नव्हती. वस्तादांनी झाकणाचा प्रत्येक स्क्रू स्वतः तपासला आणि फळ्यावर नजर फिरवली.

फाटकाशी भिंगरीने खिसे बाहेर काढले. चौकीदारकाकांनी पाहिलं. काही नव्हतं. ती मान ताठ करून बाहेर पडली.

दुसऱ्या सकाळी ती आणि बाप ओढ्याकाठी होते. त्या शेतकऱ्याला आज फवारणीच्या आत पाणी उरकायचं होतं. तो बांधावर उकिडवा बसून तीनतीनदा आभाळ बघत होता. इंजिन चालू झालं, पण तेलाच्या नळीचा नट गळायला लागला.

"पाना काढ," बाप म्हणाला.

भिंगरीने बैठकीखाली हात घातला. फटीतलं तेलकट फडकं बाहेर आलं, त्यातून पाना निघाला.

"हा मोठा होतोय. बारीक दे, खिशातला."

तिने खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. तिने दुसरा पाहिला. मग आपल्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. हाताला आठवलं. तिच्या आधी हातालाच आठवलं.

धावपट्टीच्या बाजूने विमानाच्या इंजिनाचा आवाज आला.

भिंगरी पळाली.

"अगं, पट्टा चढवायचाय!" बाप ओरडला. "अगं ए! मी एका हाताने काय करू?"

ती थांबली नाही. चपला अळ्यांवरून घसरायला लागल्या तशा तिने त्या टाकल्या. फाटक लांब होतं, फिरून जावं लागलं असतं. ती तारेखालून घुसली, जिथून वस्तीची पोरं चेंडू आणायला घुसायची. तारेने पाठीवर सदरा फाटला आणि कातडीही थोडी. पिवळं विमान शेडबाहेर येऊन उभं होतं, पंखा फिरत होता, वस्ताद चाकांपुढचे लाकडी ठोकळे काढायला वाकत होते. पुढून कधीच जायचं नाही, बाजूला, बाईला दिसेल असं उभं राहायचं, हे त्यांनीच शिकवलं होतं. ती लांब बाजूला उभी राहिली आणि डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली.

वैमानिक बाईने तिच्याकडे पाहिलं. पंख्याचा आवाज उतरला, पाती वेगळी दिसायला लागली, थांबली. मग पाखरांचा आवाज ऐकू आला आणि कुंपणापाशी उभ्या शेतकऱ्यांचा.

"काय झालं?" वस्ताद आले.

तिला दम लागला होता. "शेपटीत. पाना आहे."

"फळा मी पाहिलाय. भरलेला आहे."

त्यांच्या आवाजात शंका नव्हती. फळा भरलेला होता. ती आता 'मग नसेल' म्हणाली असती तर कुणी तिला काही विचारलं नसतं.

"फळ्यावरचा नाही," भिंगरी म्हणाली. "आमचा आहे. मी ठेवला."

वस्तादांनी झाकण उघडलं. रात्रभर जिथे होतं तिथे फडकं राहिलं नव्हतं. इंजिनाच्या थरथरीने सुटलं होतं. पाना फटीतून सरकून तारेला टेकला होता, कप्पीपासून बोटभर अंतरावर. वस्तादांनी ते बोटभर अंतर बोट घालूनच पाहिलं. वैमानिक बाई खाली उतरली होती. तिनेही वाकून पाहिलं. डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"मी म्हणत नव्हतो?" चौकीदारकाका धावत आले. "या पोरांना आत—"

"तुम्ही म्हणत होतात नेतील," वस्ताद म्हणाले. "हिने आणून ठेवलाय."

चौकीदारकाका फाटकाकडे परत वळले.

सगळं विमान पुन्हा उघडून तपासायचं ठरलं. झाकण झाकण निघालं. ऊन वर आलं, वारा सुटला, झाडांचे शेंडे हलायला लागले आणि कुंपणापासून शेतकरी एकेक करून निघाले. "इंजिनवाल्याची पोर," कुणीतरी म्हणालं. "आज अळीची मेजवानी."

वस्तादांनी पाना पुसला आणि स्वतःच्या वरच्या खिशात ठेवला.

"विमानाला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"किती दिवस?"

"आजपासून."

"आणि ती जागा? उमेदवाराची?"

ते झाकणाकडे वळले होते.

घरी बाप पायरीवर बसला होता. गाठोड्यावर ग्रीसचा काळा डाग. पट्टा त्याने डाव्या हाताने आणि गुडघ्याने चढवला होता, दोनदा निसटून. "पाना कुठाय?"

"वस्तादांनी ठेवून घेतला."

"माझा?"

भिंगरीने सगळं सांगितलं. पहिल्यांदाच ती बोलत होती आणि हात गप्प होते. तिने मान वर केली तेव्हा बाप लाल झाला होता.

"मी चुकीचं शिकवलं काय? फटीत नाही ठेवायचा तर काय आभाळात टांगायचा?"

आई भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं इंजिन बंद पडलं तर पाणी थांबतं. त्यांचं बंद पडलं तर बाई पडते."

बाप आत गेला. जाताना गाठोडं दाराच्या चौकटीला लागलं, तेव्हा तो ओरडलाही नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिनं चालू करून भिंगरी शेडच्या दारापर्यंत गेली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. विमान फवारणीला गेलं होतं, त्याचा आवाज लांबून जवळ आणि जवळून लांब जात होता. वस्ताद दारात चहा पीत होते.

"काय?"

"चौकीदारकाका जाताना खिसे बघतात," ती म्हणाली. "येताना कुणी बघत नाही."

वस्तादांनी चहा संपवला. कप विसळला. पुसला. जागेवर ठेवला.

"मग उभी राहा," ते म्हणाले.

ती उभी राहिली. दाराशेजारी फळी ठोकली, फळीवर खिळे. येईल त्याला, "खिसे." दुकानदाराच्या मुलाच्या खिशातून पेन, चाव्या आणि खडूचा तुकडा निघाला. "मला पण?" तो म्हणाला. "तू काय आभाळातून पडलायस?" वैमानिक बाईच्या खिशात केसांच्या पिना निघाल्या. तिने त्या स्वतः मोजून खिळ्यावर अडकवल्या. चौकीदारकाकांच्या खिशातून बाटली उघडायची चावी, सुतळी आणि अर्धी सुपारी निघाली आणि ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या सकाळी ती वस्तादांपुढे उभी राहिली.

"वस्ताद, खिसे."

वस्तादांनी कुरकुर न करता खिसे उपसले. वरच्या खिशातून बापाचा पाना आणि त्याच्याखालून दोन नट.

"हे कुठले?" भिंगरीने विचारलं.

वस्ताद नटांकडे बघत राहिले. "आठवत नाही," ते म्हणाले. त्या दिवशी विमान दुपारपर्यंत उघडं होतं. नट विमानाचे नव्हते, दाराच्या बिजागरीचे निघाले. पाना मात्र फळीवर पहिल्या खिळ्याला टांगला गेला आणि भिंगरीने त्याच्यामागे काळ्या रंगाने सावली काढली. ट्यूबच्या पट्टीच्या जागी सावली जराशी जाड झाली.

असे बरेच दिवस गेले. फवारणी झाली. अर्धं पीक हाती लागेल असं लोक म्हणायला लागले. भिंगरी पहाटे हँडल मारायची, दिवसभर दारात उभी राहायची. आत रिबीट ठोकल्याचा आवाज यायचा. आवाजावरून तिला कळायचं, मान वाकडी झाली.

मग एका सकाळी इंजिनवाला आला. गाठोडं आता लहान झालं होतं, बोटांची टोकं बाहेर दिसत होती, जांभळी. अंगात धुतलेला सदरा.

"पाना न्यायला आलोय," तो वस्तादांना दारातूनच म्हणाला. "पण आधी मला बघायचंय. कुठे ठेवला होता हिने."

"या की," वस्ताद म्हणाले.

तो उंबऱ्यापाशी आला. भिंगरी आडवी आली.

"खिसे, बाबा."

आत हातोडे थांबले. इंजिनवाल्याने मुलीकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या पोरांकडे, दुकानदाराच्या मुलाकडे, फाटकातल्या चौकीदारकाकांकडे.

"माझे?"

"सगळ्यांचे."

"बाप आहे मी तुझा."

"कुणाचाही बाप असो," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज जरा हलला, पण पाय नाही.

इंजिनवाल्याने उजवा हात खिशाकडे नेला. बोटं वाकेनात. डावा हात उजव्या खिशात जाईना. तो अर्धा वळला, पुन्हा वळला, स्वतःच्याच खिशाभोवती गोल फिरला. कुणी हसलं नाही. मग भिंगरीने पुढे होऊन त्याच्या खिशात हात घातला. तारेचा तुकडा निघाला. तेलकट फडकं निघालं. फडक्यात ओढ्याकाठच्या इंजिनाचा पाना.

"हा इंजिनापाशी असायचा ना?" तिने विचारलं.

"पट्टा चढवताना मध्येच लागतो," बाप म्हणाला. "एका हाताला शोधत बसायला जमत नाही."

तिने तो दुसऱ्या खिळ्याला टांगला. बाप आत गेला. वस्तादांनी शेपटीचं झाकण काढलं होतं. त्या दिवशी तिथली तार बदलायची होती. इंजिनवाला जायबंदी हात पाठीमागे धरून वाकला आणि आत बराच वेळ बघत राहिला. तारा बघितल्या, कप्पी बघितली, फट बघितली. वस्तादांनी पुढच्या पोराला खूण केली. पोराने दांडा ओढला. तारा सरकल्या, वर फळी उचलली गेली.

"फट चांगली निवडली होती," इंजिनवाला म्हणाला.

"हो," वस्ताद म्हणाले.

"पाना पडला नसता. इंजिन असतं तर."

"हो."

इंजिनवाला सरळ झाला. "हिचा हात माझ्यासारखा आहे," तो म्हणाला. "विचारत नाही. करून मोकळा होतो." त्याने जांभळी बोटं उजेडात धरून पाहिली.

वस्तादांनी नवी तार आत सोडली. कप्पीवर बसेना. त्यांनी हात घातला; मनगटाशी अडकला. दुकानदाराच्या मुलाने घातला, त्याचाही अडकला. वस्तादांनी फळ्यावरून पातळ पाना काढला. नवा होता. फळ्यावरच्याच एका पान्याला कानशीने घासून केलेला, आणि त्याच्यामागे नवी, ओल्या रंगाची बारीक सावली होती.

"बारीक हातवाली कुठाय?" ते दाराकडे न बघता म्हणाले.

भिंगरी दारात उभी होती. तिने एक पाऊल उचललं आणि तसंच मागे घेतलं. मग तिने आधी आपले दोन्ही खिसे उपसून उलटे केले, बापाला दिसतील असे, चौकीदारकाकांना दिसतील असे. खिसे रिकामे होते. ते तसेच दोन कानांसारखे बाहेर लोंबत ठेवून ती आत गेली आणि शेपटीपाशी गुडघ्यावर बसली. तोंडाने काहीच बोलत नव्हती.